पेठेतलं मत

एप्रिल निम्मा सरला तरी वळीव काही फिरकला नव्हता. सकाळचे सात वाजले नाहीत तोवर ऊन असं अंगावर यायचं, की बेंगळुरूला थंड गाव म्हणणाऱ्या माणसाला धरून आणावं आणि पेठेतल्या या बोळात उभं करावं. वारा नाही, ढगाचं बोटभर ठिगळ नाही. होती ती नुसती धूळ. वासंतीबाईंनी खिडकी लावून घेतली, वरून जुनं लुगडं सोडलं आणि मगच खळीत भिजवलेलं मलमल बाहेर काढलं. खळ ओली असताना धूळ बसली की कापड गेलंच म्हणायचं. पेट्याला डाग चालत नाही. ज्याच्या डोक्यावर चढायचा तो माणूस कसाही असो, पेटा पांढराफेक लागतो.

म्हैसूरचा पेटा बांधणं हा या घराचा धंदा. कुणाचा सत्कार म्हटलं की शाल, हार आणि पेटा एवढं लागतंच, आणि निवडणूक आली की सत्कारांना ऊत येतो. सगळ्या पक्षांच्या पुढाऱ्यांची डोकी या घरानं झाकली होती. "डोकी बदलतात, माप तेच," असं पुरुषोत्तम म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. पुठ्ठ्याच्या टोपीवर चुणी कशी बसवायची, जरीचा काठ कपाळावर कुठं यायला हवा, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. वासंतीबाई आयुष्यभर नुसती खळ करून द्यायच्या. आता खळही त्याच करायच्या आणि पेटाही त्याच बांधायच्या.

कारण पुरुषोत्तम समोर खाटेवर पडून होते. दिवाळीनंतर अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. जीभही जड झाली. चुणी वाकडी पडली की खाटेवरून "च्" असा आवाज यायचा. मग वासंतीबाई उलगडायच्या नि पुन्हा घालायच्या.

"आता?"

"हं."

एवढंच बोलणं. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं एवढं कमी बोलणं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. "अम्मा, जे परत यायचं ते पहिल्या वर्षात येतं. रोज व्यायामाला इस्पितळात आणा. वर्ष गेलं की हात राहील तसा राहील." इस्पितळ काही लांब नव्हतं. रिक्षात बसलं की झालं. पण रिक्षात बसायला आधी बोळाच्या तोंडाशी जायला हवं, आणि बोळाच्या मधोमध होता खड्डा.

खड्डा म्हणजे काय, तर चरच. गटाराचा पाइप बदलायचा म्हणून श्रावणात खणला. छातीइतका खोल, या टोकापासून त्या टोकापर्यंत. निम्म्यात पाइप पडला, निम्म्यात नाही. ठेकेदाराचं कुणाशी तरी वाजलं आणि तो जो गेला तो गेलाच. तेव्हापासून दारादारापुढं एकेक फळी टाकलेली. पोरं उड्या मारत जायची, बाया निऱ्या धरून जायच्या, म्हातारी माणसं जायचीच नाहीत. पुरुषोत्तमांना इस्पितळातून आणलं तेव्हा चौघांनी खुर्चीसकट उचलून फळीवरून घेतलं. मध्यावर फळी सरकली. खुर्ची कलली, आणि धड न हलणारा तो माणूस क्षणभर त्या काळ्या पाण्यावर नुसता लटकला. चौघंही घट्ट होते म्हणून निभावलं. पण तेव्हापासून बाहेर न्यायचं नाव काढलं की पुरुषोत्तम डोळे मिटून घ्यायचे.

व्यायाम करून घेणारी एक मुलगी काही आठवडे घरी आली. बोळात स्कूटर आणता येईना, मोठ्या रस्त्यावर लावली तर उचलून नेत. दोनदा दंड भरला नि तिनं हात जोडले.

म्हणून वासंतीबाई आमदारांच्या कचेरीत गेल्या. एकदा नाही, पुष्कळदा. तिथं बसायचा कार्तिक. तिशीतला गडी, पेठेतली सगळी मतदान केंद्रं सांभाळायचा. साहेबांच्या प्रत्येक सत्काराचे पेटे त्यानंच नेलेले, त्यामुळं ओळख जुनी. बोलणं कानडीत.

"या अक्का, बसा. कॉफी सांगू?"

"कॉफी नको. खड्डा बुजव."

"अय्यो अक्का! मी फावडं घेऊन येऊ का?"

"ये. मी पाट्या उचलते."

कार्तिक हसला. मग हसू आवरून खुर्ची पुढं ओढली. "खरं सांगू? रागावू नका. साहेबांपुढं कामाचे कागद जातात ना, त्यावर केंद्राचं मतदान लिहिलेलं असतं. तुमच्या बोळातल्या शाळेच्या केंद्राची यादी ही एवढी मोठी, आणि येतात किती? शंभरात पंचवीस. सगळ्या पेठेत शेवटचा नंबर तुमचा. तो आकडा बघितला की कागद खाली जातो."

"आमची माणसं तुमच्या विरोधात आहेत म्हणून?"

"तेच तर कळत नाही! म्हातारे आमचे म्हणतात, पोरं त्यांची म्हणतात. पेटीपर्यंत आलात तर कळणार. अक्का, वैरी असला तरी परवडतो. वैऱ्याच्या दारात आम्ही आधी डांबर टाकतो, पुढच्या खेपेला वळेल म्हणून. पण जो येतच नाही, त्याचं करायचं काय?"

वासंतीबाईंनी पदरानं कपाळाचा घाम पुसला.

"यंदा निम्म्याच्या वर दाखवा," कार्तिक म्हणाला. "मी स्वतः कागद वर ठेवतो. दुसऱ्या दिवशी सिमेंटची गाडी."

"आणि मत कुणाला द्यायचं?"

"कुणालाही द्या म्हटलं तर माझी नोकरी जाईल. पण आधी या तर!"

घरी येऊन त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. पुरुषोत्तम ऐकत राहिले. मग डाव्या हातानं त्यांनी स्वतःच्या छातीवर टकटक केलं. मी पण जाणार.

"जाणार? फळीवरून?"

"हं."

दिवाळीपासून पहिल्यांदा हा माणूस बाहेर जायचं म्हणत होता. घरी येऊन मत घेण्याची सोय होती म्हणे, पण तिला अपंगत्वाचा दाखला हवा, आणि दाखल्याला माणूस इस्पितळात हजर हवा. म्हणजे पुन्हा खड्डा आलाच. पण मतदानाला गावची माणसं येतील. चार तरणे हात मिळाले की खुर्ची उचलायला कितीसा वेळ लागतो?

आता ही यादी एवढी मोठी कशी, ते सांगायला हवं. पेठेतला हा मराठी समाज तीनशे वर्षांचा जुना, कापडातला. पण आता पेठेत राहतं कोण? कुणी एचएसआर लेआउटला, कुणी व्हाइटफील्डला, कुणी पार देवनहळ्ळीला. घरं गेली, दुकानं गेली, मतं मात्र इथंच. तो अप्पासाहेबांचा नेम. अप्पासाहेब समाजाचे वडीलधारे, आता नव्वदीकडं झुकलेले. ऐन उमेदीत त्यांनी देवळात सगळ्यांना बसवून बेलभंडार उचलायला लावला होता, की घर कुठंही बांधा, मत पेठेतून हलवायचं नाही. आपण मूठभर, विखुरलो की संपलो. आणि त्या काळी खरंच मतदानाला लग्नासारखी गर्दी व्हायची. उमेदवार पहाटे येऊन अप्पासाहेबांच्या पाया पडायचे. आता नेम तेवढा राहिला होता. लोक कुलदैवत बदलत नाहीत तसं मतही बदलत नव्हते. दर्शनाला मात्र येत नव्हते.

वासंतीबाई अप्पासाहेबांकडं गेल्या तेव्हा ते आरामखुर्चीत पेपर वाचत होते.

"फोन केलास?"

"केले की. सगळे 'हो अक्का, सरी अक्का' म्हणतात."

"फोननं कोण येतं? अक्षत दे. हातावर अक्षत पडली की आपला माणूस नाही म्हणत नाही."

ही गोष्ट खरी होती. या समाजात लग्न असो, मुंज असो, हातावर अक्षत पडल्याशिवाय बोलावणं झालं असं कुणी धरत नाही. पत्रिका येऊ दे, फोन येऊ दे, नंतर टोमणा ठेवलेलाच, "आम्हांला कुठं बोलावणं होतं?"

शेजारच्या सकवारबाईंनी वाटीत कुंकू कालवताना बघितलं आणि पदर तोंडाला लावला. "वासंतक्का, मताला अक्षत? मग मुंडावळ्या कुणाला बांधणार, त्या मशीनला?"

"हस तू. खड्डा बुजला की तूच आधी नाचशील त्यावर."

"नाचीन की. गुडघे तेवढे उसने आणून दे."

नवऱ्याला सकवारबाईंच्या हवाली करून वासंतीबाई निघाल्या. आधी एचएसआरला, लेकाकडं. आईनं घरी येऊन अक्षत द्यावी याचं श्रीवत्सला हसू आलं, पण त्यानं हात पुढं केला. सून सुखदा पुण्याची. तिनं पन्हं दिलं आणि जरा घुटमळून म्हणाली, "आई, एक बोलू? प्लीज राग नका मानू. मी लग्नानंतर माझं नाव पुण्याहून इथल्या लिस्टमध्ये आणलं. बूथ आमच्या सोसायटीच्या गेटसमोर. मी नाइट ड्रेसवर ओढणी घेऊन जाऊन येते. हा मात्र दरवेळी म्हणतो, पेठेत जायचंय, पार्किंग नाही, उन्हात कोण जाणार. यानं पण इथं नाव घातलं असतं ना, तर एकही इलेक्शन चुकलं नसतं."

श्रीवत्स पटकन म्हणाला, "मी घालणार होतो. आईनंच घालू दिलं नाही."

ते खरं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यानं विषय काढला तेव्हा वासंतीबाई त्याच्यावर तुटून पडल्या होत्या. अण्णांचं मत जिथं, तुझं मत तिथं. घर सोडलंस तेवढं पुरे. आता पन्ह्याचा पेला हातात धरून त्या एवढंच म्हणाल्या, "या खेपेला ये रे. अण्णांची खुर्ची उचलायची आहे."

"येतो म्हटलं ना आई."

देवनहळ्ळीला चंद्रकांत आणि श्रीहर्ष हे दोघे सख्खे भाऊ राहत. डोक्यावरून विमानं जायची, की बोलणं तिथंच थांबवायचं, आवाज गेला की पुढचं वाक्य. चंद्रकांत एका पक्षाचा, श्रीहर्ष दुसऱ्याचा, आणि दोघे समाजाच्या व्हॉट्सअॅप गटावर एकमेकांना असे धुवायचे, की बाहेरच्या माणसाला वाटावं यांच्यात भिंत घातलीय. प्रत्यक्षात दोघे एकाच ताटलीतली चकली मोडून खात होते.

"अक्का, तू आलीस, पायधूळ झाडलीस, बरं वाटलं," चंद्रकांत म्हणाला. "पण येऊन करायचं काय? माझं मत इकडं, याचं तिकडं. मी एक टाकणार, हा ते खाणार."

"तू माझं खाणार," श्रीहर्ष म्हणाला.

"तेच. वजा होऊन शून्य. त्यापेक्षा आम्ही दोघांनी ठरवलंय, दोघंही जायचं नाही. हिशेब तोच राहतो, पेट्रोल वाचतं."

"आणि हा एकटाच चोरून गेला तर?" वासंतीबाई म्हणाल्या.

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. श्रीहर्ष म्हणाला, "म्हणून तर त्या दिवशी गाडीची किल्ली माझ्याकडं असते."

विमान गेलं. वासंतीबाई हसल्या नाहीत. त्यांनी खड्ड्याचं सांगितलं, हाताचं सांगितलं, वर्षाचं सांगितलं. दोघा भावांचे चेहरे पडले. चंद्रकांतनं उठून हात पुढं केला. "टाक अक्षत. येतो. पुरुषोत्तमअण्णासाठी येतो."

व्हाइटफील्डला निवेदिता राहायची, तिची सासू पेठेत वाढलेली. अक्षत बघून म्हातारीच्या डोळ्यांना पाणी आलं. "मला न्या ग. शाळा बघून किती दिवस झाले." निवेदिता म्हणाली, "शुक्रवारी सुट्टी आहे, शनिवार-रविवार जोडून सगळे कूर्गला निघालेत, पण आम्ही नक्की येऊ अक्का." अशी सगळी घरं झाली. मेट्रो, बस, पुन्हा बस. वासंतीबाईंचे पाय सुजले. कुणी नाही म्हटलं नाही. सगळ्यांनी जेवायला वाढलं, सगळ्यांनी राजकारणावर तावातावानं बोलून घेतलं आणि सगळ्यांनी हात पुढं केला.

मतदानाचा शुक्रवार उजाडला. पुरुषोत्तमांनी दाढीसाठी गाल पुढं केला, पांढरा शर्ट घालून घेतला आणि खुर्चीत बसले. वासंतीबाईंनी सकवारबाईंच्या मदतीनं खाराभात म्हणजे तिखट सांजा आणि केसरीभात म्हणजे गोड शिरा, अशी दोन पातेली उतरवली. लांबून येणारी माणसं, उपाशी कशी जातील? मग पेठेतल्यांनी मतदान केलं. अप्पासाहेब दोघांच्या खांद्यावर हात ठेवून फळीवरून गेले आणि शाई लागलेलं बोट उंच धरून परतले. राहती घरं दहा वाजेतोवर आटोपली. त्यानंतर शाळेचं अंगण मोकळंच राहिलं. पोलीस झाडाखाली बसून पेंगायला लागला.

गटावर मात्र नुसता धुरळा. मतदान आपलं कर्तव्य, मतदान पवित्र दान, फुलं, झेंडे, जोडलेले हात. सगळ्यांत मोठा संदेश चंद्रकांतचा होता. वासंतीबाईंनी फोन लावला.

"अक्का, निघालोच होतो ग. श्रीहर्षच्या साडूकडं वास्तुशांत निघाली. आम्ही दोघंही मताला गेलो नाही, म्हणजे तसं समसमान—"

त्यांनी फोन ठेवला.

बाराच्या सुमाराला निवेदिताची गाडी खरंच आली. वासंतीबाई बोळाच्या तोंडाशी धावल्या. नवरा स्टिअरिंगवर, मागं म्हातारी काठापदराचं नेसून बसलेली. गाडी लावायला जागा नव्हती. मागून रिक्षावाले हॉर्न मारत होते. म्हातारी काठी टेकत उतरली, शाळेकडं जाणाऱ्या फळीपर्यंत आली आणि खाली बघून थांबली.

"अग बाई. यावरून?"

"मी धरते. हळूहळू. स्वल्प पुढं या."

म्हातारीनं एक पाय ठेवला. फळी करकरली. तिनं पाय मागं घेतला. तोवर वाहतूक पोलिसानं गाडीच्या टपावर थाप मारली होती. निवेदिता कासावीस होऊन म्हणाली, "अक्का, हिचं हाड मोडलं तर? आणि गाडी तर इथं… आम्ही पुढं कुठं जागा मिळते का बघतो आणि येतो." गाडी वळली. म्हातारी मागच्या काचेतून बघत राहिली. ते काही परत आले नाहीत. येतो म्हणाले होते ते मनापासूनच म्हणाले होते, ते वासंतीबाईंना कळत होतं. खड्डा होता म्हणून माणसं येत नव्हती, आणि माणसं येत नव्हती म्हणून खड्डा होता. कुणाला धरून जाब विचारायचा?

श्रीवत्स आला पाच वाजता. एकटाच, घामेजलेला, मेट्रोनं. मत देऊन घरी आला. पुरुषोत्तम सकाळपासून तसेच खुर्चीत बसलेले होते. दुपारी आडवं व्हा म्हटलं तरी झाले नव्हते.

"चल," ते म्हणाले.

लेकानं आईकडं बघितलं. "चौघं हवेत. बाकीचे कुठं आहेत?"

बाकीचे कुठं होते? सकवारबाईंचे यजमान आले, पण त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं. त्यांना फळी धरायला ठेवलं. समोरचा इस्त्रीवाला आला. वासंतीबाईंनी शाळेच्या कोपऱ्यावर बसलेल्या कार्तिकला हाक मारली. त्यानं घड्याळ बघितलं, आपलं टेबल बघितलं आणि मतदारांच्या चिठ्ठ्यांवर दगड ठेवून धावत आला. तीन झाले. चौथा कोपरा वासंतीबाईंनी धरला.

"आई, तू नको."

"उचल."

खुर्ची उचलली. दारापर्यंत आली. पुढचे दोघे उंबऱ्याबाहेर गेले, फळीवर एक पाऊल पडलं आणि खालचं काळं पाणी पुरुषोत्तमांना दिसलं. त्यांचा डावा हात सुटला आणि त्यानं दाराची चौकट पकडली.

"अण्णा, हात सोडा," श्रीवत्स म्हणाला.

हात सुटेना. झटका येऊनही त्या एका हातात किती जोर होता! बोटं पांढरी पडली. चौकटीला नखं रुतली. खुर्ची अधांतरी. वासंतीबाईंनी दोन्ही हातांनी खुर्चीचा पाय धरला होता. एक हात मोकळा असता तर त्यांनी ती बोटं कुरवाळून सोडवली असती. चौथा गडी असता तर हात मोकळा असता.

"अहो, सोडा हो. मी आहे ना. सोडा."

पुरुषोत्तमांनी त्यांच्याकडं बघितलं. तोंडातून नुसता हवेसारखा आवाज आला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मान हलत होती, जायचंय अशीही आणि नाही अशीही.

"मला धरवत नाही अक्का," पुढून इस्त्रीवाला म्हणाला.

खुर्ची मागं घेतली. आत ठेवली. कार्तिक शर्टानं तोंड पुसत म्हणाला, "पुन्हा बघू का?" पुरुषोत्तमांनी डोळे मिटून घेतले होते. थोड्या वेळानं शाळेचं फाटक बंद झाल्याचा आवाज आला. पातेल्यातला केसरीभात सकवारबाईंनी घरोघर वाटून टाकला.

पुढच्या आठवड्यात वासंतीबाई कचेरीत गेल्या तेव्हा कार्तिकनं कॉफीचं विचारलं नाही. कागद उलटा करून ठेवला.

"मागच्यापेक्षा खाली आलंय अक्का."

"पेठेत राहणारं एकही माणूस घरी बसलं नाही. एकटे आमचे हे."

"मी बघितलं की. पण कागदावर बाहेरची नावंही आहेत ना. टक्का त्यांच्यासकट निघतो."

"मग ती नावं काढली तर?"

कार्तिकनं कागद सरळ केला. "काढली तर टक्का झकास होईल. पहिला नंबर येईल तुमचा. पण मग नावं किती उरतील? एवढ्या मूठभर मतांसाठी बोळ कोण दुरुस्त करणार?" त्यानं नजर खाली घेतली. "मी खोटं बोलू शकतो अक्का. पण तुमच्याशी नाही बोलवत."

त्या तशाच अप्पासाहेबांकडं गेल्या. पेपर चालू होता.

"अप्पासाहेब, नेम मोडू या. ज्यांना जायचंय त्यांची मतं जाऊ देत."

म्हाताऱ्यानं चष्मा काढला. पुष्कळ वेळ तो धोतराच्या सोग्यानं पुसत राहिला. "जाऊ देत. आणि मग पेठेत आपलं म्हणून काय राहील ग?"

राहून काय राहिलं होतं, हे वासंतीबाई विचारू शकल्या असत्या. पण समोर एवढा वाकलेला माणूस, त्याला काय विचारायचं? त्यांनी वाकून नमस्कार केला आणि बाहेर आल्या.

वाटेत श्रीवत्सला फोन लावला. "तुझं मत तिकडं घे रे. माझी हरकत नाही."

"सरी आई. बघतो. आता काय, पुढच्या निवडणुकीला अजून वेळ आहे." पलीकडून कुणीतरी त्याला मीटिंगला बोलावलं. "अण्णा कसे आहेत?"

"आहेत."

निऱ्या वर धरून त्यांनी फळी ओलांडली. सकवारबाई ओट्यावर बसल्या होत्या. रोजच्यासारखा टोमणा त्यांनीही मारला नाही. नुसतं "जेवले हं, मऊ भात भरवला" म्हणाल्या.

आत पुरुषोत्तम भिंतीकडं तोंड करून पडले होते. वासंतीबाईंनी त्यांना सरळ केलं, उशी नीट केली. कोमट तेल घेऊन उजव्या हाताची बोटं, ती मुलगी शिकवून गेली होती तशी, एकेक करून उघडली आणि मिटवली. अंगठा आता आधीपेक्षा ताठ लागत होता. त्यांनी तो जरा जास्त वेळ चोळला.

मग हात धुतले. स्वतःचं जेवण अजून व्हायचंच होतं. ताकाचं भांडं उघडून बघितलं, फार आंबट नव्हतं. त्यांनी विळी आडवी केली आणि फोडणीसाठी मिरच्या चिरायला घेतल्या.